एम्बॉसची नोंद: हरवलेली शिरोरेषा

गेले तीन आठवडे एकाच ग्राफवर, म्हणजे चित्रावर एकेक क्रिया करणारे ठोकळे (नोड) जोडून केलेल्या साखळीवर, काम चालू आहे. कागदावर दाबून उठवलेल्या अक्षराचा परिणाम हवा आहे, तोही तयार एम्बॉस नोड न वापरता, साध्या नोडांतून बांधलेला. चाचणीसाठी अक्षर घेतलं ‘ळ’. त्यात आडवी शिरोरेषा आहे, उभी रेघ आहे आणि दोन गोल आहेत, म्हणजे कडा सगळ्या दिशांना धावतात. गोल किंवा चौकोन घेऊन चाचणी करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की अक्षरच घ्या. पुढे जे सापडलं ते अक्षरामुळेच सापडलं.

सुरुवात सर्वांच्या ओळखीच्या पद्धतीने केली. चित्राची प्रत घ्यायची, उलटी म्हणजे निगेटिव्ह करायची, उजवीकडे-खाली एकेक पिक्सेल सरकवायची आणि मूळ चित्रात निम्म्या प्रमाणात मिसळायची. सपाट जागी दोन्ही एकमेकांना खोडतात, उरतो मधला करडा. कडांवर मात्र फरक उरतो, एका बाजूला उजळ, दुसऱ्या बाजूला गडद. चार नोडांत एम्बॉस तयार.

इथे पहिली अडचण आली. ० (काळा) ते २५५ (पांढरा) या मापात सपाट भाग १२८ यायला हवा होता, तो १८८ येत होता. माझा ग्राफ लिनियर रंगात, म्हणजे प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणात, गणित करतो, आणि लिनियरमधला ०.५ पडद्यासाठी एसआरजीबी या रंगमापात गेला की १८८ होतो. तो करडा ओव्हरले मिश्रणाने कागदाच्या चित्रावर घातल्यावर सगळा कागदच उजळत होता. उपाय सोपा आहे. अक्षराचा ग्रेस्केल हा रंग नसून निव्वळ उंचीचे आकडे आहेत, असं इनपुट नोडला सांगायचं. उंची, मास्क, नॉर्मल या कशालाच गॅमा, म्हणजे पडद्यासाठीचा हा उजेडाचा बदल, लागता कामा नये.

मग तेच काम ३×३ कर्नलने, म्हणजे पिक्सेल आणि त्याच्या शेजाऱ्यांना गुणून बेरीज करणाऱ्या नऊ आकड्यांच्या चौकटीने, करून पाहिलं. वरच्या डाव्या कोपऱ्यात उणे, खालच्या उजव्या कोपऱ्यात अधिक. आकड्यांची बेरीज १ ठेवली तर मूळ चित्र शिल्लक राहून त्यावर उठाव येतो; बेरीज ० ठेवली तर फक्त उतार उरतो आणि ०.५ आपण मिळवायचा. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या कंपोझिटरमधल्या (चित्रं जुळवण्याच्या भागातल्या) फिल्टर नोडात ‘शॅडो’ नावाचा पर्याय आहे, तो याच जातीचा.

प्रकाशाची दिशा फिरवता यावी म्हणून एक्स आणि वाय दिशांचे दोन सोबेल, म्हणजे त्या त्या दिशेचा उतार मोजणारे कर्नल, घेतले, आणि कोनाच्या कोसाइन-साइनने गुणून त्यांची बेरीज केली. स्लायडर हळूहळू फिरवत गेले. प्रकाश बरोबर डावीकडून आला त्या क्षणी शिरोरेषा नाहीशी झाली! तिची दोन टोकं तेवढी राहिली, मधली सगळी रेघ कागदात विरघळली. गोलांच्या कडाही दोन-दोन जागी तुटल्या. प्रकाश तिरका केला की शिरोरेषा परत येते, पण त्या कोनाला समांतर असलेली दुसरी एखादी कड जाते. आडव्या रेघेवर डावीकडून उजवीकडे गेलं तर चढ नाहीच, म्हणून गणिताच्या दृष्टीने उत्तर शून्य आणि ते बरोबरही आहे. पण डोळ्याला ते पटत नाही. खऱ्या उठावावर बाजूने प्रकाश टाकला तर आडवी कड पुसट होते, नाहीशी होत नाही.

तीन संध्याकाळी यातच गेल्या, आणि उत्तर निघालं एका भागाकारात.

कर्नल फक्त उतार मोजतो. खऱ्या प्रकाशात पृष्ठभागाची लंबदिशा, म्हणजे नॉर्मल, महत्त्वाची असते. जिम ब्लिनने १९७८ साली मांडलेल्या बम्प मॅपिंगचा, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास आणण्याच्या तंत्राचा, पायाही तोच. दोन्ही सोबेलना उंचीच्या स्लायडरने गुणून उणे करायचं, तिसरा घटक १ ठेवायचा, आणि त्या तिघांना त्यांच्या एकूण लांबीने भागायचं. मग प्रकाशाच्या दिशेशी डॉट प्रॉडक्ट, म्हणजे दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार. हा भागाकारच सगळं करतो. प्रकाश ३०° उंचीवर असेल तर सपाट कागदाला साइन ३०°, म्हणजे नेमका ०.५ मिळतो. शिरोरेषेची ४५° उताराची कड प्रकाशाच्या दिशेला समांतर असली तरी तिला ०.५ भागिले √२, म्हणजे सुमारे ०.३५ मिळतो. कागदापेक्षा ती थोडी गडद दिसते, पण दिसते. हा नोड जोडला आणि डावीकडच्या प्रकाशातही ‘ळ’ पूर्ण उभा राहिला, तेव्हा फार आनंद झाला.

दोन सूचना. एक, उताराचा कोन प्रकाशाच्या उंचीपेक्षा जास्त झाला की मागची बाजू उणे जाते आणि ठार काळी पडते. ३०° प्रकाशाला उतार (चढ भागिले आडवं अंतर) ०.५८ च्या आत ठेवला की मागच्या बाजूचा आकार टिकतो. दोन, प्रकाशाची उंची बदलली की सपाट भागाचा करडाही बदलतो. म्हणून उत्तरातून प्रकाशाच्या उंचीचा साइन वजा करून ०.५ मिळवणारा नोड शेवटी ठेवलाय.

मध्येच अक्षर कागदात खोदल्यासारखं दिसायला लागलं होतं. चित्रात वाय खाली वाढतो आणि माझ्या प्रकाशात वर, एवढंच कारण. प्रकाश वरून येतो असं डोळा गृहीत धरतो, त्यामुळे चिन्ह उलटलं की उठाव खड्डा होतो.

आता कडेचा आकार, ज्यात मला सगळ्यात जास्त रस आहे. अक्षर ब्लर करून उंची बनवली तर कड मऊ येते, पण बारीक रेघा बुटक्या होतात, कारण ब्लर त्यांचा माथाच खातो. डिस्टन्स नोडने कडेपासूनचं अंतर घेतलं, ते एका रुंदीवर कापलं आणि चढाला वळण देणाऱ्या कर्व्ह नोडमधून नेलं, तेव्हा शिरोरेषा आणि गोल यांची कड सारख्या वळणाची आली. नंतर दोन पिक्सेलचा हलका ब्लर, कोपऱ्यातली धार मोडण्यापुरता. हे सगळं ३२-बिट फ्लोटमध्ये करा. ८-बिटमध्ये २५६ पायऱ्याच असतात, आणि मंद उतारावर त्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या उमटतात.

कागदाचा पोत आधी मी तयार चित्रावर ओव्हरले करत होते, तो चिकटवल्यासारखा दिसे. आता तो उंचीतच मिळवते, ३ टक्के एवढाच. अक्षरावर त्याचा जोर आणखी कमी ठेवलाय, कारण दाबाखाली तंतू बसतात. एकच प्रकाश दोघांवर पडतो, त्यामुळे कागद आणि अक्षर एकजीव वाटतात.

काल आकाराची अडचण सुटली. १०२४ वर जुळवलेला ग्राफ २०४८ वर चपटा दिसत होता. कडेची रुंदी टक्क्यांत असल्याने दुप्पट पिक्सेलांत तीच उंची पसरते आणि प्रत्येक पिक्सेलमागचा उतार निम्मा होतो. उंचीच्या स्लायडरला चित्राची रुंदी भागिले १०२४ ने गुणलं, शेवटच्या ब्लरलाही तेच. दोन्ही रेंडर शेजारी ठेवून पाहिले, शिरोरेषा दोन्हींत सारखी आहे. आता ‘क्ष’ची पाळी.