खड्डा खणण्याआधी

अमेरिकेत स्वतःच्या परसात झाड लावायचं असलं तरी खड्डा खणण्याआधी ८११ ला फोन करायचा असतो. आमच्या ओहायो राज्यात किमान ४८ तास आधी कळवावं लागतं, आणि त्यात शनिवार-रविवार धरत नाहीत. मग जमिनीखालून काय कुठून जातं ते दाखवायला माणसं येऊन वर रंग फवारतात, झेंड्या रोवतात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, निळा पाणी, हिरवा सांडपाणी, नारिंगी केबल. या झेंड्यांनी मला या वसंतात रडवलं.

आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, चेंबर ऑफ कॉमर्स ही व्यापारी-उद्योजकांची संघटना दरवर्षी एक नेतृत्व कार्यक्रम चालवतं. महिन्यातून एक दिवस. कधी कोर्ट आणि तुरुंग, कधी हॉस्पिटल, कधी शाळा. गाव चालतं कसं ते आतून दाखवतात. फी कंपनी भरते, रजाही देते. असे कार्यक्रम इथे गावोगाव आहेत. त्यांतल्या जुन्यांपैकी एक, अटलांटाचा, १९६९ चा. आपली एनएसएस, म्हणजे कॉलेजातली राष्ट्रीय सेवा योजना, त्याच वर्षीची, हे मी इथे सगळ्यांना सांगितलं.

शेवटी वर्गाच्या तुकड्या पाडून प्रत्येकीने गावासाठी एक काम उभं करायचं. एका तुकडीने शाळेतल्या मुलांसाठी थंडीचे कोट जमवले. आमच्या तुकडीत बँकेतला कर्ज अधिकारी, अग्निशमन दलातली कॅप्टन, एक उपमुख्याध्यापक आणि मी. आम्ही ठरवलं, सार्वजनिक वाचनालयामागच्या जागेत भाजीचे उंच वाफे बांधायचे. व्हीलचेअरवरच्या माणसाचा हात पोचेल इतके उंच. माल फूड पॅन्ट्रीला, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्राला, द्यायचा. चांगल्या हेतूने दिलेल्या अन्नावरून देणाऱ्याला कोर्टात खेचू नये, म्हणून १९९६ पासून इथे केंद्राचा कायदाच आहे, त्यामुळे ती काळजी नव्हती.

बाकी सगळी होती. विम्याचं प्रमाणपत्र. प्रत्येक मदतनीसाची सही, की दुखापत झाली तर दावा करणार नाही. वाट किमान ३६ इंच रुंद, आणि उतार जास्त झाला तर तिला रॅम्पचे नियम लागू. हरणांसाठी कुंपण हवं होतं, कुंपणाला खांब, खांबाला खड्डे, म्हणून ८११. झेंड्या लागल्या तर पिवळी रेघ बरोबर आमच्या कोपऱ्यातल्या खांबाखालून. नकाशा बदला, पुन्हा मंजुरी. लाकूड येऊन पडलेलं, माणसं तयार, आणि आम्ही कागद हलवतोय. माझ्या गावी एका रविवारी झालं असतं हे. कुणी फावडं आणलं असतं, कुणी घमेलं, पाटलांच्या घरून चहा आला असता.

हे मी बोललेही. तेव्हा इथलेच एक मराठी गृहस्थ म्हणाले, "अहो, म्हणून तर आपल्याकडची कामं टिकत नाहीत." त्याचा मला अजून राग आहे. मी साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातली. २०१६ साली पहिला वॉटर कप, म्हणजे पानी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवण्याची स्पर्धा, झाला तेव्हा आमच्या तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला नंबर काढला. भर उन्हाळ्यात माणसं पाणी मुरवायला डोंगरउतारावर सलग समतल चर खणत होती, आणि ते काही मनाला येईल तसं नाही. आधी प्रशिक्षण, मग उताराची मापं, समपातळीच्या रेषा आखून मगच कुदळ. चराची पातळी चुकली तर पाणी एका टोकाला जाऊन बांध फोडतं, हे तिथल्या आज्जीलाही कळत होतं. तेव्हा शिस्त अमेरिकेकडून शिका, हे मला कुणी सांगू नये.

पण एका प्रश्नापुढे मी गप्प झाले. वाचनालयाच्या बाई आमचा नकाशा बघायच्याही आधी म्हणाल्या, "तुमचा कार्यक्रम संपला की पाणी कोण घालणार?" आम्ही म्हणालो, स्वयंसेवक बघतील. त्यांनी नावं मागितली. जुलैत कोण, शाळेला सुट्टी असताना कोण, फळी कुजली तर खर्च कुणाचा, हे लिहून दिल्याशिवाय एक खिळा मारू देणार नाहीत म्हणाल्या. आणि मला आमच्या शाळेमागची पाण्याची टाकी आठवली. उद्घाटनाला आमदार आले होते, कोनशिला आहे, तोट्या नाहीत.

तरी हा प्रश्न आपल्याला नवा नाही. हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि यंदा कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. पाऊस कमी तर पिकंही कमी पाण्याची. काम झाल्यावरची अशी राखण इथल्या कुठल्याही करारापेक्षा कडक आहे, कारण ती ज्याच्या त्याच्या पोटावर येते. आमच्या वाफ्यातले टोमॅटो वाळले तर कर्ज अधिकाऱ्याच्या घरी कुणी उपाशी राहत नाही.

आई फोनवर विचारते, तिकडच्या लोकांसाठी राबतेस, इथे गावाला कधी? मी पैसे पाठवते, पाठवत राहीन. पण पैशाने मी गावातली होत नाही, आणि जिथे मुलं शाळेत जातात, कर भरते, तिथे नुसतं भाडेकरूसारखं राहणं मला जमत नाही. तिला हे पटत नाही. मला पटतं.

मेच्या मध्यावर दंवाची भीती संपली की रोपं लावायची आहेत. एका वाफ्यात मेथी आणि गवार लावायला मंजुरी मिळाली आहे. पाण्याच्या यादीत जुलैचे शनिवार माझ्याकडे आहेत. ऑगस्टसाठी अजून दोन नावं हवीत, त्याशिवाय बाई सही करणार नाहीत.