टोकं का झिजत होती ते सापडलं: स्टेपरची ऊब

मागच्या नोंदीत ताऱ्यासारख्या हिमस्फटिकाचा जो फोटो होता, त्यात स्फटिकाची सहाही टोकं बोथट आली होती. तो दोष फोकसचा नाही, हे आता नक्की झालं. स्टॅकमधली (फोकस थोडा थोडा सरकवत काढून मग एकत्र जोडायच्या फोटोंच्या मालिकेतली) पहिली आणि सव्विसावी फ्रेम एकमेकींवर ठेवून पाहिली, तर तेच टोक सुमारे ४० पिक्सेल मागे गेलेलं दिसतं. २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर आणि ४ पट मोठेपणा, म्हणजे एक पिक्सेल साधारण ०.९३ मायक्रॉन. टोक ३७ मायक्रॉन आटलं होतं. झेरीन स्टॅकर या फ्रेम जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला जुळवायला दिलेल्या २६ फ्रेम मुळात एकाच आकाराच्या नव्हत्या. मग तो जुळवणार तरी काय?

रिग, म्हणजे फोटोची मांडणी, तीच आहे. लाओवा २५ मिमी मॅक्रो लेन्स उभ्या स्टँडवर, तोंड खाली, कॅमेरा जागचा हलत नाही. खाली जुन्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस-ब्लॉक, त्याच्या बारीक चक्रीला नेमा १७ मापाचा स्टेपर, म्हणजे पायरी-पायरीने फिरणारी मोटर. ब्लॉकच्या भुजेवर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि पट्टीवर काचेची स्लाइड. ठिकाण होटन, मिशिगन. लेक सुपीरियरवरून येणारा बर्फ, त्यामुळे मालाला तोटा नाही.

२६ फ्रेम का, ते नव्याने आलेल्यांसाठी. एफ/४ आणि ४ पटीला फोकसची खोली जेमतेम ०.०५ मिमी मिळते. २.६ मिमीचा स्फटिक स्लाइडवर १० अंश कलता पडला तर त्याची एक कड दुसरीपेक्षा ०.४५ मिमी वर राहते. ०.०२ मिमीची पायरी धरली तर २६ फ्रेम. प्रत्येक पायरीनंतर कंप शांत व्हायला ३ सेकंद आणि फोटोला १ सेकंद, म्हणजे एकूण १०४ सेकंद. एवढा वेळ स्फटिकाने जसाच्या तसा राहावं, ही या सगळ्या छंदातली मुख्य अट.

पहिला संशय एलईडीवर गेला, कारण स्लाइडखालचं पॅनेल सतत चालू असायचं. ते काढून फ्लॅश लावला. १/३२ शक्तीला फ्लॅशचा झोत १/१०,००० सेकंदाच्या आसपास असतो, त्यातून उष्णता पोचायला वावच नाही. टोकं तशीच झिजली. (सेल अल्कलाइन वापरू नका, थंडीत लगेच मान टाकतात. एनेलूप उणे २० पर्यंत चालतात.)

मग श्वास. तोंडात लांब नळी धरून मागे श्वास सोडला, चष्म्यापर्यंत मफलर ओढला. काही फरक नाही. श्वासाची खूणही वेगळी असते, हे इथे लक्षात ठेवण्यासारखं. उच्छ्वासातली वाफ स्लाइडवर बसली की स्फटिकाच्या भोवती बारीक रव्यासारखे गोठलेले थेंब दिसतात. म्हणजे स्फटिकाच्या आसपास भर पडते. इथे भर कुठेच नव्हती, सगळीकडून घटच होती.

घट म्हणजे संप्लवन, बर्फाची न वितळता थेट वाफ होणं. संप्लवनासाठी स्फटिक आसपासच्या हवेपेक्षा उबदार तरी हवा, नाहीतर हवा कोरडी तरी हवी. बाहेर बर्फ पडत असताना हवा फार कोरडी नसते. राहिली स्लाइड.

इन्फ्रारेड बंदुकीने तापमान मोजण्यात दोन संध्याकाळी फुकट गेल्या. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ती धातूचं नाही, त्यात परावर्तित होणाऱ्या आसपासच्या वस्तूंचं तापमान सांगते, आणि स्लाइडवर धरली तर तिचं मापनवर्तुळ स्लाइडपेक्षा मोठं पडतं. या कामाला बारीक तारेचा थर्मोकपलच (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) हवा, काचेला कॅप्टॉन टेपने घट्ट चिकटवलेला. एका विक्रेत्याकडून आलेला जाड टोकाचा थर्मोकपल निरुपयोगी ठरला. त्याचं टोकच स्लाइडपेक्षा जड, त्यामुळे तो स्वतःचंच तापमान दाखवत बसतो. तार जितकी बारीक तितकं चांगलं.

आकडे असे आले: हवा उणे १३, स्लाइड उणे १०, आणि स्टेपरचं अंग अधिक २८.

रिग दोन तास बाहेर ठेवूनही स्लाइड हवेच्या तापमानाला का येत नव्हती, याचं उत्तर त्या तिसऱ्या आकड्यात आहे. स्टेपर फिरत नसतानाही जागा धरून ठेवण्यासाठी पूर्ण प्रवाह घेतो. आपल्या रिगमध्ये ए४९८८ ड्रायव्हर (मोटरला प्रवाह पुरवणारा छोटा बोर्ड) होता, आणि थांबल्यावर प्रवाह आपोआप कमी करण्याची सोय त्यात नाही. मोटर ब्लॉकला पक्की, ब्लॉकला भुजा, भुजेला अ‍ॅल्युमिनियम. उष्णता थेट स्फटिकाच्या पायाशी. अ‍ॅल्युमिनियम निवडलं होतं ते लवकर थंड होतं म्हणून. लवकर थंड होणारी वस्तू तितक्याच लवकर तापते, हा हिशेब धरलाच नव्हता.

तीन अंशांनी काय बिघडतं, असं वाटेल. उणे १० ला बर्फावरचा बाष्पदाब २.६० हेक्टोपास्कल असतो, उणे १३ ला १.९८. भोवतालची हवा बर्फाच्या हिशेबाने पूर्ण संपृक्त धरली, तरी उणे १० च्या स्फटिकाला ती सुमारे २४ टक्के कोरडी वाटते. भर हिमवर्षावात आपण त्याला वाळत घालत होतो.

आणि टोकंच आधी का जातात? ज्या कारणाने ती ढगात वाढली, त्याच कारणाने. उणे १५ च्या आसपास, भरपूर अतिसंपृक्त हवेत, जी कड जरा पुढे आली तिला ताजी वाफ आधी मिळते. ती आणखी पुढे जाते, तिच्यावर उपफांद्या फुटतात. कोरड्या हवेत हाच खेळ उलटा चालतो. पुढे आलेल्या टोकाची वाफ सर्वांत सहज निघून जाते. मधला षट्कोन बराच वेळ शाबूत राहतो, त्यामुळे फोटो पाहताना मध्य ठसठशीत आणि कडा मऊ दिसतात आणि संशय लेन्सवर जातो. एफ/२.८ ते एफ/८ सगळी छिद्रं पालथी घातली गेली ती याच गैरसमजातून. लाओवावर शंका घेतली ती मागे घेतो. ४० ते ४५ मिमी मोकळं अंतर ठेवून एवढी धारदार प्रतिमा देणारी लेन्स या किमतीत दुसरी माहीत नाही.

खात्रीसाठी जोडचाचणी घेतली. एकाच सरीतले दोन स्फटिक, एक रिगवरच्या स्लाइडवर, दुसरा शेजारी लाकडी ठोकळ्यावरच्या स्लाइडवर. दोन मिनिटांनी ठोकळ्यावरच्या स्फटिकाच्या उपफांद्या मोजता येत होत्या. रिगवरच्याच्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या.

आता दुरुस्ती. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी काढून १२ मिमी प्लायवुड लावलं. प्लायवर २५ मिमी उंचीचे चार नायलॉन स्टँडऑफ (आधाराच्या खुंट्या), एम३ मापाचे, आणि त्यांवर स्लाइड. मोटर आणि स्लाइडच्या मध्ये फोमबोर्डचा आडोसा, कारण मोटरवरून वर चढणारी उबदार हवाही काचेपर्यंत पोचते. ड्रायव्हर बदलून टीएमसी२२०९ घेतला. त्याचा पीडीएन पाय (पिन) ग्राउंडला जोडला की मोटर थांबल्यावर प्रवाह आपोआप खाली येतो. ए४९८८ वापरणाऱ्यांनी थांबल्यावर इनेबल पायाने प्रवाह बंद करून मोटर मोकळी करायचा मोह टाळावा. मोटर सूक्ष्मपायरीवरून जवळच्या पूर्ण पायरीवर घसरते आणि स्टॅकमध्ये उडी पडते. पैसे वाचवायचेच असतील तर बोर्डवरच्या स्क्रूने प्रवाह निम्मा करा. एवढा हलका ब्लॉक उचलायला तो पुरतो. चक्रीतला ढिलेपणा घालवायला नेहमी एकाच दिशेने चाला आणि पहिल्या दोन पायऱ्या सोडून द्या.

पायरी ०.०३ मिमी केली, १७ फ्रेम. सगळा प्रकाश फ्लॅशचाच असल्याने कंप थांबायची वाटही फारशी पाहावी लागत नाही, १.२ सेकंदाला एक फ्रेम. पूर्ण स्टॅक २० सेकंदांत. स्लाइड आता उणे १२.६ दाखवते, म्हणजे तो २४ टक्क्यांचा कोरडेपणा ४ टक्क्यांच्या आत आला.

पहिला स्वच्छ स्टॅक आला तो २.६ मिमीच्या फर्नसारख्या ताऱ्याचा. प्रत्येक भुजेच्या पाठीवरून एक कणा सरळ टोकापर्यंत जातो आणि टोकाला सुईसारखा संपतो. उपफांद्या जोडीजोडीने, सगळ्या मूळ भुजेशी ६० अंशांत. मध्यभागी एक छोटा षट्कोन, आणि त्यात फिकट गुलाबी आणि हिरवा रंग. तो रंग बाहेरून आलेला नाही. बर्फाच्या दोन पातळ थरांमध्ये हवेची फट अडकली की साबणाच्या फुग्यासारखे व्यतिकरणाचे रंग उमटतात. फ्लॅश अशा कोनात हवा की स्फटिकाची सपाट बाजू चमकून परत लेन्समध्ये येईल. कोन दोन-तीन अंश चुकला तरी रंग गायब. एका भुजेवर अतिशीत (शून्याखालीही न गोठलेले) ढगथेंब आपटून गोठलेल्या चार गाठी आहेत, त्या पुसाव्याशा वाटल्या नाहीत.

झेरीनमध्ये एकमेकींवरून जाणाऱ्या फांद्यांसाठी पीमॅक्स, मधल्या सपाट भागासाठी डीमॅप, या फ्रेम जोडायच्या दोन पद्धती, आणि मग दोन्हींचे निकाल स्वतः जुळवून जोडणं. पीमॅक्स एकट्याने वापरला तर काळ्या पार्श्वभूमीवर दाणे वाढतात.

उचलण्याबद्दल एकच. काळ्या मखमलीवर स्फटिक झेला आणि मोडलेल्या टूथपिकच्या खरबरीत टोकाने एका भुजेखालून उचला. कृत्रिम केसांच्या ब्रशला स्थिर विद्युतभारामुळे स्फटिक चिकटतो आणि सोडवताना मोडतो. मखमल, टूथपिक, स्लाइड हे सगळं तासभर आधी बाहेर.

यानंतर नीलमची चकती मागवायची होती, उष्णता चांगली वाहते म्हणून. ती यादीतून काढली. स्फटिकाखाली उष्णता वाहणारं काही नसलेलंच बरं, हे प्लायने दाखवून दिलं. आकडे मांडता मांडता उलटी कल्पना सुचली: स्लाइड हवेपेक्षा अर्धा अंश उबदार असताना स्फटिक जवळपास स्थिर राहतो, मग अर्धा अंश थंड केली तर? तो वाढायला हवा. जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली होक्काइडोत सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला. इथे आकाशातून पडलेला तयार स्फटिक घेऊन त्याची पुढची वाढ टिपायची. काचेवर ओरखडा असेल तर दहिवर (वाफेपासून थेट जमणारा बर्फ) आधी तिथेच धरेल, म्हणून स्लाइड कोरी हवी. थंड करायला पेल्टिअर (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती), १२ व्होल्टचाच, पण २-३ व्होल्टवर. त्याची गरम बाजू स्लाइडखाली आली तर स्टेपरचीच गत होईल. म्हणून पेल्टिअर बाजूला, आणि तिथून स्लाइडपर्यंत तांब्याची पट्टी.

महाबळेश्वरहून वेण्णा लेकच्या हिमकणांबद्दल विचारणा होती. तिथे फोकस सरकवणारी अशी रिग लागणार नाही, २.५ पट आणि एक फ्लॅश पुरे. सूर्य वर यायच्या आत जेटीच्या फळ्या, गाड्यांचे टप आणि स्ट्रॉबेरीची पानं पाहा. हवा ४-५ अंश असली तरी मोकळ्या आकाशाखालचं पान उष्णता बाहेर टाकून शून्याखाली जातं. मात्र तिथे मिळतं ते बहुतेक गोठलेलं दव: गोल, पारदर्शक मणी. नीट पाहिलं तर काही मण्यांच्या डोक्यावर बारीक टोक आलेलं दिसेल. थेंब खालून गोठत जातो, गोठताना पाणी प्रसरण पावतं आणि शेवटचा अंश वर ढकलला जातो. पैलूदार दहिवर हवं असेल तर दवबिंदूचं तापमानही शून्याखाली हवं, म्हणजे कोरडी, निवांत रात्र. ते पानाच्या मध्यावर शोधू नका. कडेच्या दातांवर आणि लवेच्या टोकांवर शोधा.