शिक्का

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात मी सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. वेचणीच्या दिवसांत साखर तपासायची म्हणजे आधी बोटांशी झटापट. बोंडांनी ओरबाडून शेंडे इतके कडक झालेले असतात की लॅन्सेट टोचतो, पण रक्त येत नाही. मग हात धुवायला लावायचा, चोळायचा, खाली लोंबता सोडायचा आणि बोटाच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही. पहिला थेंब पुसून दुसरा स्ट्रिपला. हे मला चांगलं जमतं. वाया गेलेल्या स्ट्रिपचा हिशेब शेवटी मलाच द्यावा लागतो.

त्या बाईची साखर ३१२ आली. वय ४२.

"गोळी सोडली?"

"हाव."

मी चिडले. पाय, डोळे, किडनी, सगळा पाठ म्हणून दाखवला. तिनं तो ऐकून घेतला आणि हळूच म्हणाली, "नवी गोळी घेतली का खालून लय आग होते जी, मॅडम. सोडली का कमी होते."

पिशवीतून पाकीट काढायला लावलं. डॅपाग्लिफ्लोझिन. तालुक्याच्या खाजगी डॉक्टरनं मेटफॉर्मिनला जोडून दिलेली. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. औषध चांगलं आहे, पण त्या गोडव्यावर बुरशी पोसते: खाज, दह्यासारखं पांढरं जाणं. देताना हे दोन वाक्यांत सांगायला कितीसा वेळ लागतो? अर्थात आमच्याच लोकांनी तिला तीनदा गुप्तरोगाचं हिरवं किट दिलं होतं. त्यानं काही दिवस बरं वाटायचं, की पुन्हा तेच. गोळ्यांचं पाकीट कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

किट मात्र घरी पोचलं. "घरचे म्हनते, हे कोनापासून आनलं. आता सासूपाशीच निजतो मी. तसंही लय दुखे."

आशाताईंच्या फॉर्मवर संबंधानंतर रक्त जातं का, हा प्रश्न आहे, तो कॅन्सरसाठी. बहुतेकदा सासूसमोर विचारला जातो, 'नाही'वर खूण होते. दुखतं का, कोरडं पडतं का, हे विचारायला रकानाच नाही. साखरेचे पुरुष ताकदीची गोळी मागायला महिन्याकाठी दोघं-तिघं येतातच.

ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारी व्हिडिओ-सल्ल्यावर, डॉक्टरांशी मीच बोलले. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून बसली. ती गोळी बंद, दुसरी सुरू, रात्री आत ठेवायला बुरशीवरचं क्लोट्रिमॅझोल. साखर चढती राहिली तर हे पुन्हा होईल, कोरडेपणालाही साखरेचा हात असू शकतो, हेही सांगितलं.

उठता उठता म्हणाली, "हे साखरेनं झालं म्हून कागदावर लिहून द्या."

असा काही नमुना आमच्याकडे नाही. केसपेपरच्या मागे लिहिलं: 'हा त्रास मधुमेह व औषधामुळे झालेला आहे. बाहेरून आलेला नाही.' 'बाहेरून'वर पेन अडला होता. तिनं बोट ठेवत दोनदा वाचलं.

"शिक्का?"

मारला. पॅड सुकलेलं, उपकेंद्राचं नाव अर्धंच उमटलं. तिनं कागद उजेडात धरून पाहिला आणि परत माझ्यापुढे सरकवला.