सकाळच्या गारठ्यात पोकलेन जड का चालतं?

पूस-माघात गोंदिया-नागपूरकडं पारा ८-१० अंशांवर उतरला की पोकलेन सकाळी जड चालतं. लगेच हायड्रॉलिक पंप (तेलाला दाब देणारा) खोलू नका. आधी बघा, सगळ्याच हालचाली मंद आहेत की एकच?

सगळ्याच मंद असून अर्ध्या तासात सुधारत असतील, तर दोष बहुतेक हायड्रॉलिक तेलाच्या जाडीचा. तेलाचा ६८ नंबर म्हणजे ४० अंशांवरची जाडी. १० अंशांवर तेच तेल कित्येक पट घट्ट होतं. कंपनीच्या पुस्तकात चालत असेल तर ४६ नंबरचं, म्हणजे पातळ तेल भरा. उलट, थंडीत बरं आणि तापल्यावर मंद होत असेल, तर पंप किंवा तेलाच्या दाबावर फिरणारी मोटर आतून झिजलेली.

पंप कण्हत असेल तर टाकीवरची तेलाची काच बघा. फेस दिसला तर सक्शन पाइपमधून (टाकीतून पंपाकडं जाणाऱ्या) हवा शिरतेय. त्या पाइपच्या जोडावर ग्रीस फासा. आवाज बदलला की गळती तिथंच. फेस नसेल तर टाकीतली जाळी चोंदली असेल. तेल दुधाळ असेल तर दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाका, तडतडलं की पाणी आहे.

एकाच बाजूची चालायची चेन अडत असेल तर तेलाला दोष देऊ नका. आपली काळी माती रोलर-स्प्रॉकेटमध्ये (चेनच्या चाकांत आणि दातेरी चक्रात) रात्रभर आवळून दगडासारखी होते. ती संध्याकाळीच, ओली असताना खरवडा.

सुरू केल्यावर १०-१५ मिनिटं कमी आरपीएमवर ठेवा, मग बूम-बकेट (मोठा हात आणि खोऱ्या) रिकामे हलवा. थंड तेलावर एकदम रेस देणं पंपाला फार घातक.