दुकानाबाहेरच्या स्टुलावरून इस्तंबूल

मैत्रिणींबरोबर परदेशात गेलं की दोन तट पडतातच: बघणाऱ्या आणि घेणाऱ्या. मी बघणाऱ्यांतली. बहुमत घेणाऱ्यांचं, हे ओघानं आलंच. इस्तंबूलचा कार्यक्रमसुद्धा आम्ही 'रविवारी ग्रँड बाजार बंद' एवढ्या एकाच गोष्टीभोवती आखला होता.

हागिया सोफियात मात्र सगळ्या शहाण्यासारख्या वागल्या. ५३७ साली बांधून झालेली ही वास्तू. आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, मग संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. डोक्यावरच्या ओढण्या सावरत, माना वर करून आम्ही त्या प्रचंड घुमटाकडे बघत होतो. तेवढ्यात शेजारून कुजबुज आली, "बाजार किती वाजता बंद होतो गं?"

हा बाजारही काही कालचा नाही. १४५३ साली शहर जिंकल्यावर दोन-तीन वर्षांतच ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदनं त्याचं बांधकाम सुरू केलं. आज छपराखाली ६० हून जास्त गल्ल्या आणि ४,००० च्या आसपास दुकानं आहेत. इथे चौघींनी एकत्र राहायचं म्हणजे कुणीतरी एकीनं सतत दारात थांबायचं. ते काम माझ्याकडे आलं आणि माझं फावलं.

गालिच्याच्या दुकानाबाहेर स्टुलावर बसले. आत मालकानं रेशमी गालिच्याची दोन टोकं धरली, एक झटका दिला आणि तो गर्रकन फिरवला. मघाशी गडद लाल दिसणारा गालिचा एकदम फिका गुलाबी! लव एकाच बाजूला झुकलेली असते, म्हणून दिशा बदलली की रंग बदलतो. मैत्रिणींचं लक्ष किमतीकडे, त्यामुळे ही जादू बहुधा मला एकटीलाच दिसली. समोरून चहावाला आला. वरच्या कडीला धरलेलं लोंबतं तबक, त्यात कमरेशी निमुळते काचेचे पेले. पठ्ठ्या गर्दीतून जवळजवळ पळत होता, तरी थेंब सांडला नाही. गिऱ्हाईक घेवो न घेवो, चहा येतोच. आणि चहा प्यायल्यावर भिडस्त माणसाला घासाघीस जमत नाही, हे त्या मालकांना पक्कं ठाऊक असावं. आमच्यातली एक मात्र दोन पेले रिचवूनही ढिम्म हलली नाही. तिनं डोळ्यानं खूण केली की मी दारातून "चला गं, उशीर होतोय" असं ओरडायचं, एवढीच माझी भूमिका. किंमत दोनदा उतरली. तिसऱ्यांदा मालकच हसायला लागला.

संध्याकाळी एमिनोन्यूहून काडिक्योयच्या फेरीबोटीत बसलो. युरोपातून आशियात जायला वीसेक मिनिटं. मागे तोपकापी राजवाड्याचे मनोरे, वर सीगल पक्ष्यांचा कलकलाट, आणि बाकावर पिशव्या उपसून हिशेब चाललेला. "अगं, बघा तरी!" मी म्हटलं. तिघींनी मान वळवली, फोटो काढले, आणि घासाघीसवालीनं समोरच्या किनाऱ्याकडे बोट दाखवत विचारलं, "तिकडेही बाजार असेलच ना?"

होता. चांगला मोठा होता.