पुण्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरची ऑर्किड

उन्हाळ्यात ऑर्किड घरात ठेवायची की बाहेर, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये दोन तट आहेत. मी बाहेरच्या तटातली. घरात झाड मरत नाही हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये पडदे ओढलेले, पंखा गरगरतोय, उजेड जेमतेम, अशा खोलीत ते नुसतं तग धरून बसतं. ना नवीन मूळ, ना नवीन पान. त्यामुळे मार्च उजाडला की माझा ऑर्किडचा सगळा गोतावळा घराला लागून असलेल्या उघड्या गच्चीवर जातो. भेट म्हणून आलेली फॅलेनॉप्सिस, डेंड्रोबियमच्या कुंड्या, लाकडी टोपलीत लोंबकळणारा वांडा आणि नर्सरीत वाढवलेली सीतेची वेणी. ‘नर्सरीत वाढवलेली’ हे मुद्दाम सांगतेय. जंगलातून फांदीसकट ओरबाडून आणलेलं झाड कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी घेऊ नये.

दादरला राहणाऱ्या माझ्या ताईला ही सगळी उठाठेव वाटते. “अगं, मी तर सकाळी नुसतं पाणी मारते, झालं!” तिचं तिथे चालतं, कारण मुंबईच्या हवेतच ओल आहे. आमच्याकडे दुपारी पारा ३८-३९ वर आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. पण पुण्याची एक गोष्ट मुंबईला नाही: रात्र. एप्रिलमध्येसुद्धा पहाटे २०-२२ अंशांपर्यंत उतरतं. फॅलेनॉप्सिस, वांडा यांची पर्णरंध्रं, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन ठेवायचा, दिवसा उजेडात वापरायचा. निवडुंग आणि अननसही हेच करतात. म्हणजे झाडाचं निम्मं काम रात्री चालतं, आणि त्या वेळी हवा गार, ओलसर असली तर दुपारचा ताण ते सोसून नेतं. हे कळल्यापासून दुपारचं तापमान कमी करायच्या भानगडीत मी पडत नाही. दुपारी फक्त ऊन अडवते, बाकी सगळी मेहनत सूर्यास्तानंतर.

ऊन अडवायला हिरवी शेडनेट. फॅलेनॉप्सिसवर ७५ टक्के ऊन अडवणारी, डेंड्रोबियम आणि वांडावर ५० टक्क्यांची. नेट झाडांच्या डोक्याला टेकेल अशी बांधू नये. वर दोन-तीन फूट मोकळी जागा हवी, नाहीतर तापलेली हवा तिथेच कोंडते. आणि घरातलं झाड एकदम नेटखालीसुद्धा नेत नाही. आधी भिंतीच्या आडोशाला, मग सकाळचं कोवळं ऊन, मग नेट, असं रमतगमत. कमी उजेडात तयार झालेलं पान एका दुपारीत भाजतं. आधी पांढुरका डाग, मग तो तपकिरी-काळा, आणि तो पान गळेपर्यंत जात नाही.

माझी कसोटी साधी आहे. तीनच्या सुमारास पानावर तळवा टेकवायचा. पान नुसतं कोमट लागलं तर ठीक, चटका जाणवला तर कुंडी आत सरकवायची. थर्मामीटरपेक्षा याचा भरवसा जास्त.

आमच्या गच्चीची उत्तरेकडची बाजू हिवाळाभर सावलीत असते, म्हणून तिथे निर्धास्त राहावं तर मे महिना दगा देतो. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवायला लागतो आणि मावळतोही पश्चिमेच्या उत्तरेला. १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात तो भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस असतो तो. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्यही उत्तरेला कललेला. म्हणजे कोपऱ्यातल्या ज्या कुंडीला कधी ऊन लागलं नाही, तिच्यावर मेमध्ये संध्याकाळी पाचची तिरकी तिरीप थेट येते. त्या बाजूला मी नेटचा एक पडदा उभा सोडते.

पाणी सकाळी. वांडाच्या उघड्या मुळांची गंमत पाहण्यासारखी असते. कोरडी मुळं चंदेरी-करडी असतात, बादलीत बुडवली की बघता बघता हिरवी होतात. सगळी हिरवी झाली की बाहेर काढायचं. कुंड्यांमध्ये माझ्याकडे कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे आहेत. भोकं पाडलेल्या मातीच्या कुंड्या प्लॅस्टिकपेक्षा गार राहतात, पण लवकर सुकतात, त्यामुळे त्यांना कडक उन्हाळ्यात रोज पाणी. संध्याकाळी झाडांवर नाही, लादीवर पाणी. चक्क सडा. तापलेल्या लादीवर पहिला तांब्या पडला की वाफेचा गरम भपकारा येतो, तो जाऊ द्यायचा आणि मग दुसरा फेरा मारायचा. कुंड्यांच्या मधे ओली गोणपाटंही पसरते. दिसायला ते अगदीच गबाळं दिसतं, पाहुणे आले की सासूबाई गुंडाळून ठेवतात, मी परत पसरते.

मेमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले की वेगळंच दुखणं. ते पाणी जड. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि मुळांची हिरवी टोकं काळी पडतात. तेव्हा मी एसीच्या नळीखाली बादली लावते. हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी ते, क्षार जवळपास नसतातच. (आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात घालू नये, सगळे क्षार त्यातच उतरतात.) खत म्हणाल तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात), लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी मुळं भिजवून मग. काहिली वाढली की तेही बंद. कोरड्या हवेत लाल कोळी येतात, म्हणून पानं उलटी करून बघायची सवय ठेवलेली बरी. खालून चंदेरी झाक दिसली की ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.

वळवाच्या पावसाला मी जास्त भिते. वाऱ्याने नेट फाटते, गारा पडल्या तर पानांना भोकं. आभाळ भरून आलं की फॅलेनॉप्सिस स्लॅबखाली. तरी भिजलीच, तर मधल्या पोग्यात, म्हणजे नवं पान जिथून फुटतं त्या खोबणीत, साठलेलं पाणी सुती कापडाच्या पिळाने टिपून घ्यावं लागतं. ते रात्रभर राहिलं तर पोगा कुजतो, आणि फॅलेनॉप्सिसला दुसरी फूट सहसा येत नाही. पावसानंतर रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचायच्या, कोवळी मूळटोकं त्यांना फार आवडतात.

यंदा सीतेची वेणी मेच्या शेवटी फुलली. हातभर लोंबता तुरा, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके. डेंड्रोबियमला नवे कोंब आले. फॅलेनॉप्सिसचं खालचं एखादं पान पिवळं पडून गळलं, पण वरून नवं आलं. त्यांच्याकडून फुलांची अपेक्षा आत्ता नाहीच. पाऊस नीट लागला की डेंड्रोबियमवरची नेट निघेल, फॅलेनॉप्सिस स्लॅबखालीच राहतील, आणि नोव्हेंबरात रात्री गार पडायला लागल्या की त्यांचे फुलांचे दांडे दिसतील. तोवर त्यांना घरात न्यायचं नाही.