आरे-वारेचा 'सपाट' रस्ता

"किनाऱ्याकिनाऱ्याने सपाट रस्ता आहे, काळजी करू नका." शर्यतीच्या चौकशीला हे फोनवर सांगणाऱ्याने रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यावरचा आरे-वारेचा घाट गाडीत बसूनच पाहिलेला असणार. मला तर मुळीच दिसत नाही, पण चढ पोटऱ्यांना बरोबर कळतो.

आधी पैशांचं. मी पूर्ण अंध, मामेभाऊ माझा गाइड, म्हणजे दोघांच्या हातात एकच दोरी धरून सोबत धावणारा. 21 किलोमीटरच्या नोंदणीत त्याचीही पूर्ण फी घेतली. "तेही धावतातच ना?" असं आयोजकांचं म्हणणं. धावतो, पण माझ्यासाठी. पॅरा, म्हणजे अपंग खेळाडूंच्या, स्पर्धांत गाइडने खेळाडूच्या आधी रेषा ओलांडली तर खेळाडूच बाद होतो. रेल्वेला हे कळतं : स्लीपरला मला 75 टक्के सवलत, सोबत्यालाही तेवढीच. तुम्ही भरण्याआधी लेखी विचारून घ्या. आम्ही भरून मग भांडलो, हाती काही लागलं नाही.

सहाची शर्यत भाषणांपायी पावणेसातला सुटली. कोकणच्या दमट हवेत तेवढ्यात बनियन पिळून काढावी लागते. घाटापर्यंतचा भाग छान, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

चढ दमाने निघतो, उतार वाईट. गणपतीपुळ्याकडे जाताना डावीकडे समुद्र. वळणागणिक गाज कानाच्या मागेपुढे सरकते, दिशा लागत नाही. डांबराची कड तुटलेली, लगेच जांभ्याची खडी. त्यात रंबलर, म्हणजे गाड्यांचा वेग कमी करायच्या उंच पट्ट्या. "दादा, रंबलर. तीन, दोन..." पुढचा आकडा मागून आलेल्या गाडीच्या हॉर्नमध्ये बुडाला आणि मी गुडघ्यावर. उठलो, तर भावाच्या पोटरीत गोळा. "दादा, दोरी सोडतो, तू कुणाबरोबर तरी हो पुढे." मी सोडू दिली नाही. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये स्पेनची एलेना कोंगोस्त गाइडला सावरायला अगदी शेवटच्या काही मीटरवर दोरी सोडून बसली आणि बाद ठरली. आमच्याकडे कोण बघणार होतं म्हणा! तरी नाहीच.

माझं मत : गाइड डावीकडे, कडेच्या बाजूला ठेवा. सगळे उलट सांगतात, पण गाडी ऐकू येते, तुटलेली कड येत नाही. रंबलरसाठी आकडे नकोत, हाताच्या पाठीवर टिचकी ठरवा. वाहतूक बंद असेल का, हे विचारा. "सकाळी कमीच असते" असं उत्तर आलं तर नाव देऊ नका.

2 तास 51 मिनिटं लागली. फी दोघांची, मेडल एकच. ते भावाकडे आहे.